निळ्याला करंट लागला तो भाग

बाबा, निळ्याची नवी मालिका काल सुरू झाली. तो निळ्या झाला कसा, तिथपासून. त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते तुम्ही कधी घेतलंच नाही. अंगात निळे कपडे घालणारा सुपरहिरो, म्हणून निळ्या. रविवारी सकाळी मी टीव्हीसमोर बसलो की तुम्ही चहाची बशी फुंकत विचारायचे, "काय म्हणते तुहा निळ्या? आज तरी मरते का नाही?" मी चिडून म्हणायचो, "त्याले कोणी मारू शकत नाही." "बरं आहे बुवा त्याचं," म्हणत तुम्ही पक्कड मागच्या खिशात खोचायचे आणि निघायचे. आता मी सत्तावीसचा आहे, लग्नाचं वय चाललं असं माय म्हणते, आणि मला अजून निळ्याचे जुने भाग पाठ आहेत. नवा येणार म्हणून महिनाभर जीव थाऱ्यावर नव्हता.

सध्या मी सोलर पंप बसवणाऱ्या टोळीत आहे. त्याआधी हार्वेस्टरबरोबर मध्य प्रदेश फिरलो, त्याआधी जालन्याला मोबाइलच्या दुकानात होतो, मध्ये चार महिने पुण्यालाही. बारावीचा एक विषय राहिला तो राहिलाच. कुठंच टिकत नाही मी, ते सोडा, निळ्याचं सांगत होतो. काल दुपारी बाराला पहिला भाग मोबाइलवर येणार होता, आणि त्याच वेळी आम्हाला देऊळगाव राजाहून जालन्याची बस धरायची होती. माझ्याबरोबर टोळीतला एकजण होता, माझ्याच वयाचा, तोंडानं फाटका पण माणूस चांगला. मी स्टँडच्या बाकड्यावर बसलो, कानात वायर घातली आणि बस लागली तरी उठलो नाही. "चाल ना बे, गाडी भरून राह्यली," तो म्हणाला. मी म्हणालो, पुढची घेऊ. तोही मग वडापाव घेऊन शेजारी बसला, आणि अर्धा मोबाइल आपल्याकडे ओढून बघायला लागला.

जुन्या मालिकेत निळ्याला शक्ती कुठून आली ते कधी सांगितलंच नव्हतं. वीज पडली, एवढं एकदा कुणीतरी बोलतो, बस. नव्यात काय निघावं? निळ्या वायरमन निघाला, बाबा. बर्फाचं गाव, लाकडी खांब, खाली त्याचा लहान पोरगा मान वर करून उभा. निळ्या चढतो, कमरेचा पट्टा खांबाला अडकवतो, आणि सरळ पंजा पुढे करून तारेला हात घालतो. मी स्टँडवर ओरडलो, "अबे, उलटा हात लाव! उलटा!" कंडक्टर थांबून बघायला लागला. शेजारचा म्हणाला, "काऊन बे, त्याले ऐकू जाते का?" मग सांगावं लागलं की माझे वडील शिकवायचे: तार बंद असली तरी आधी हाताची मागची बाजू लावायची. सुलट्या हाताले करंट धरून ठेवते, उलट्याले फेकून देते. तो वडापाव खायचा थांबला. "तुहा बाप वायरमन होता?" "झिरो वायरमन." "हाव का," म्हणाला आणि उरलेला वडापाव माझ्यापुढे धरला. इकडे एवढ्यावर कळतं. पुण्यात एकदा खोलीतल्या पोरांना समजावून सांगावं लागलं होतं की झिरो वायरमन म्हणजे जो खांबावर चढतो पण ज्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नसतं. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की गाव त्यालाच हाक मारतं. ती पोरं म्हणाली, मग त्याला काही झालं तर? त्यावर मी विषय बदलला.

मला जे सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं आहे. शाळेच्या गॅदरिंगला मला निळ्या व्हायचं होतं. शर्ट मिळाला, पॅन्ट मिळाली, हातांचं काय? तुमचे रबरी हातमोजे खुंटीला होते, आपल्या डोणगावात तसे दुसऱ्या कुणाकडे नव्हते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून शेजाऱ्यांकडे निळा ऑइलपेंट उरला होता, तो मी मागच्या गोठ्यात बसून मोज्यांना फासला आणि वाळत ठेवले. सकाळी तुम्हाला बोलावणं आलं. तुम्ही खुंटी चाचपली, दाराआड बघितलं, मायला विचारलं. मला विचारलं, "पोट्ट्या, माहे मोजे पाह्यले का?" मी नाही म्हणालो. मी तेव्हा पोहे खात होतो. तुम्ही म्हणालात, राहू दे, लाईन तं बंदच करून घेतो. आणि गेलात.

लाईन बंदच होती. उलटा हातही लावलाच असेल तुम्ही, तुम्ही तो लावल्याशिवाय राहणारे नव्हतेच. पण खालच्या आळीत लग्न होतं. लाईट गेली म्हणून त्यांनी जनरेटर चालू केला, आणि घरातलं मेन स्विच पाडायचं कुणाच्याच ध्यानात नव्हतं. करंट त्यांच्या घरातून उलटा तारेवर आला, तेव्हा तुमचे दोन्ही हात कामात होते. त्यांना आजही वाटतं चूक आपली. एकदा त्या घरचे आजोबा मला एसटीत भेटले, माझा हात हातात घेऊन रडले. मी त्यांना म्हणू शकलो असतो, आजोबा, मोजे असते तर... पण मी पुढच्या फाट्यावर उतरून गेलो, माझं गाव यायचं होतं तरी.

तर नव्या मालिकेत निळ्या दवाखान्यात पडतो. आणि अर्धा तास नुसता पडून असतो. हात गुंडाळलेले, बायको चमच्यानं सूप भरवते, पोरगा दारातून आत येत नाही. अगदी शेवटी वॉर्डातले दिवे त्याच्या श्वासाबरोबर कमीजास्त व्हायला लागतात, आणि भाग संपला. खाली कमेंटमध्ये लोकांनी शिव्या घातल्या आहेत. पॉवर कुठंय, झोप आली, मालिका आहे का दवाखाना. मी कधी असं कुठं लिहीत नाही, पण काल बाकड्यावर बसूनच लिहिलं की हात भाजल्यावर एवढा वेळ लागतोच, उलट यांनी लवकर आटपलं. एकानं हसणारा चेहरा टाकला. टाकू दे.

कारण मीही वाट बघितली होती, बाबा. जालन्याच्या दवाखान्यातून तुम्ही घरी आलात, दोन्ही हात पांढरे गुंडाळलेले, आणि मी रोज बघायचो की तुम्ही बल्बखालून गेलात की तो उजळतो का. मालिकेत करंट लागलेल्या माणसाला काहीतरी मिळतं. तुम्हाला शक्ती आली असती तर मी मोजे लपवले ते चांगलंच झालं असतं, माझ्यामुळंच झालं असतं, असा माझा हिशेब होता. एक दिवस मी शाळेतली तीन पोरं घरी आणली. तुम्ही ओट्यावर बसले होते. मी तुमच्या पट्टीबांधल्या हातात बल्ब ठेवला आणि म्हणालो, पेटवा. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरांकडे. मग बल्ब दोन मनगटांत धरून डोळे मिटले, दात खाल्ले, मोठा आव आणला. पोरं श्वास धरून उभी. शेवटी म्हणालात, "आज लोडशेडिंग आहे बे." पोरं हसत सुटली, मला तेव्हा लाज वाटली. आता ते आठवलं की हसू येतं.

उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत वळली नाहीत. तुम्ही दातांनी वायर सोलायला शिकलात, लोकांचे मिक्सर दुरुस्त केले, आणि पुढं चार वर्षांनी काविळीनं गेलात. निळे मोजे मी उकिरड्यात खोल पुरले होते. ते कुणी काढले का, तुम्हाला कळलं का, तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. तुम्ही रागावले असते तर मी कदाचित कुठंतरी टिकलो असतो, असं मला वाटतं. नसतोही.

काल मी जालन्याला गेलोच नाही. मेहकरची बस धरून डोणगावला आलो. टोळीतला तो मागून ओरडत होता, "मुकादमाले काय सांगू बे?" म्हणालो, काहीही सांग. आज सकाळी मायच्या चुलीसमोर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून तिला तो भाग दाखवला. तिनं भाकरी थापता थापता बघितला. "एवढा भाजला अन् सूप काऊन देऊन राह्यली थे? पेज द्याव ना." मग दारात अडलेला पोरगा दिसला आणि तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. तेवढ्यात मी सांगून टाकलं. मोजे, रंग, पोहे, सगळं. तिनं भाकरी उलटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोजे? थे कधी घालतच नव्हते रे बापा. घाम येते, पक्कड धरता येत नाही म्हनत. खुंटीलेच राहत होते."

बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी न्हाणीच्या दगडावर बसायचे. मोज्यांतली पावडर चिकटून मनगटापासून खाली तुमचे हात पांढरे असायचे, आणि तांब्यानं त्यांच्यावर पाणी घालायला हीच माय उभी असायची.

"आईकलं का? घालतच नव्हते," ती परत म्हणाली. या वेळी माझ्याकडे बघून. मी म्हणालो, "हाव माय, मलेबी तसंच आठवते." तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली, वर तुपाची धार धरली, जरा जास्तच. तिला वाचता येत नाही, तरी मी हे तिच्यासमोर लिहीत नाही, बाहेर ओट्यावर बसून सोलरच्या फॉर्मच्या मागे लिहितो आहे. मघाशी तिनं आतून विचारलं, काय लिहून राह्यला? मी म्हणालो, कामाचं आहे.