घडीवरची सही

फिलाडेल्फिया,
चौथ्या महिन्याची नववी तारीख

प्रिय बाबा,

आम्ही दोघं ठीक आहोत. डॅनिएलने परसात वाटाणे पेरले आहेत. तुझा गुडघा कसा आहे? आई नीट सांगत नाही.

आजोबांची वही पाठवलीस, त्याबद्दल मनापासून आभार. तिच्यातल्या नोंदीमुळेच आपल्या मर्सी बेवनचं १६९६ सालचं लग्नपत्र इथल्या संग्रहात सापडलं. आपलं घराणं वेल्सहून आल्यावर इकडे झालेलं हे पहिलं लग्न. आपल्या क्वेकर रिवाजाप्रमाणे हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या आहेत, पोराटोरांच्यासुद्धा. मर्सीच्या वडिलांची, ग्रिफिथची, मात्र अगदी खाली कोपऱ्यात.

मी भिंगाखाली पाहिलं. घडीपाशी बाकीच्यांची शाई झिजून तुटली आहे. ग्रिफिथची मात्र घडीच्या भेगेत उतरली आहे. म्हणजे कागद कित्येक वर्षं घडी करून ठेवल्यावर त्याने सही केली. लग्नाला तो आला नव्हता.

"अगं, तीनशे वर्षांपूर्वीच्या बापालाही सोडलं नाहीस!" संग्रह सांभाळणारी म्हातारी टॅबिथा हसली. "पण शेवटी केलीच ना सही त्याने?"

केली. मला फार बरं वाटलं.

आपण क्वेकर शस्त्राला हात लावत नाही आणि डॅनिएल पूर्वी फौजेत होता, म्हणून तू आमच्या लग्नाला आला नाहीस. त्याबद्दल मी वाद घालणार नाही. आमचं लग्नपत्र अजून भिंतीवर लावलेलं नाही. खाली कोपऱ्यात जागा आहे.

येताना पेन आणू नकोस. टिकणारी शाई माझ्याकडे आहे.

तुझी,
लिडिया