दुसरा गिअर पडला
रविवार, संध्याकाळ. रहाटणी.

मानेची नस दबल्यापासून बाबांच्या डाव्या हातात जोर नाही. त्यांनी भंगारातून आणून उभी केलेली स्पोर्ट्स कार तेव्हापासून झाकूनच आहे. दुसरा गिअर फारच जड. म्हणून मी गिअरच्या दांड्याखालच्या झिजलेल्या बुशच्या कड्या बदलल्या, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. वाटलं, गिअर हलका झाला की बाबा निदान सोसायटीच्या आवारात तरी गाडी फिरवतील.

आज त्यांना स्टिअरिंगवर बसवलं आणि शेजारी बसून मी इंजिन सुरू केलं. त्यांनी क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. अगदी अलगद पडला! मी खुशीत पाहिलं, तर ते हाताकडेच बघत होते.

"पडला का गं?"

"पडला की, बाबा. तुम्हीच टाकलात."

"माझ्या हाताला तर काय कळलंच न्हाई."

मग त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.