यांचे हात आणि नव्या चिप्स

२ डिसें. ७९, रवि.
अरुणभावजींचं जहाज इथे कलकत्त्यात, खिदिरपूरच्या गोदीला लागलं. जेवायला आले. गेल्या वर्षी यांच्यासाठी तो घरगुती कॉम्प्युटर आणला, तोही त्यांनीच. कॅसेट टेपवरचा प्रोग्रॅम वाचताना अडतो. त्याची मूळ अक्कल ज्या चिप्समध्ये असते त्याच बदलायच्या, म्हणून या फेरीत नव्या आणल्यात. हे खूष. श्रीखंड दोनदा.

४ डिसें.
यंत्र उघडून बसले. थोड्या वेळाने तसंच झाकलं. म्हणाले, लोडशेडिंग होईल. वीज काढूनच करायचं काम ते.

६ डिसें.
चहाची बशी वाजते. उजवा हात. दुर्गापूजेच्या सुट्टीपासून बघतेय. विषय काढला की पेपर उघडतात. बालीगंजातल्या आपल्या मराठी मंडळींचे रेडिओ ज्यांनी दुरुस्त केले ते हात...

९ डिसें., रवि.
सकाळी पुन्हा बसले. जुन्या चिप्स निघाल्या. नवी पहिली बसवताना हात थरथरला, चिपचा एक पाय दुमडला. चिप टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "माला, तू बसव."
मी आजवर फार तर चकल्या पाडल्यात. पण बसले. आधी नळाला हात लावून ये म्हणाले, अंगातली वीज जाऊ दे. खाच कुठल्या बाजूला, दोन्हीकडून सारखं कसं दाबायचं, सगळं हळू सांगत होते. दुमडलेला पाय भुवयांच्या चिमट्याने सरळ केला. तुटेल या भीतीने श्वास धरला होता. यांचा हात माझ्या खांद्यावर. तिथेही थरथरत होता. काढला नाही, मीही हलले नाही.
बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. टेपही न अडता वाचली.
मग पडद्याकडेच बघत म्हणाले, "पूजेच्या आधीपासून होतंय हे. तुला कशाला घोर."
म्हटलं, "माहीत आहे मला."
एवढंच. पोळ्या गार झाल्या होत्या, तशाच खाल्ल्या.

११ डिसें.
मज्जातंतूंच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली. काय निघेल ते निघो, असं लिहिणार होते. लिहवत नाही.
आज ऑफिसला निघताना हाक मारली. शर्टाची बटणं. आजवर कधी सांगितलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत लावली, मुद्दाम सावकाश.