बडेसाबभाईंच्या बायपासचे एकोणीस हजार दोनशे पॉइंट

सोलापूर,
१० मार्च

प्रिय कौसर,

शिवम्माचा नमस्कार. बडेसाबभाईंना सलाम, एजाज आणि सूनबाईंना आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे माझा गुडघा आणि ह्यांचा स्वभाव सोडून. रोजे चालू आहेत हे लक्षात आहे. भाईंनी यंदा ते डॉक्टरांना विचारून धरलेत, न विचारता धरलेत, की तू धरूच दिले नाहीस, ते स्पष्ट कळव. "तब्येत ठीक" एवढंच लिहू नकोस. गोळ्यांची नावं आणि वेळा लिही. मी तेहेतीस वर्षं कोषागारात बिलं तपासली. "ठीक" या शब्दावर मी कधी एक रुपया मंजूर केलेला नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी दवाखान्याचा विषय काढला की तू "अगं, दूध उतू जायलंय" म्हणतेस आणि फोन एजाजच्या हातात देतेस. गेल्या सात महिन्यांत तुमच्या चुलीवर जेवढं दूध उतू गेलं तेवढ्यात तुमच्या केम गावात एक डेअरी चालली असती. पत्राला ही सोय नाही, म्हणून सरळ लिहिते. मागल्या जूनमध्ये भाईंच्या बायपासच्या वेळी काउंटरवर चार लाख ऐंशी हजार भरायचे होते, तुमची एफडी मोडून पहिले पैसे हातात यायला चार दिवस होते, आणि मी माझं क्रेडिट कार्ड पुढे केलं. ऑगस्टपर्यंत तुम्ही सगळे पैसे परत केलेत. शेवटची रक्कम घेऊन आलीस त्या दिवशी चहा अर्धा ठेवून उठलीस, आणि तेव्हापासून तू या घराची पायरी चढलेली नाहीस. बी.कॉम.ला एका बाकावर बसल्यापासून कधी दोन महिन्यांचा खाडा न करणारी बाई! तुला माझ्यासमोर बसायला अवघडल्यासारखं होतं, हे मला कळतं. ते मला मान्य नाही. पैसे फिटले की विषय संपतो, असं आपल्याला कॉलेजात शिकवलं होतं, आणि तू त्या पेपरात माझ्यापेक्षा चार मार्क जास्त मिळवले होतेस.

(भाईंनी वर मालदांडीचं एक पोतं दारात आणून टाकलं, त्याबद्दलही लिहायचं आहे. मी विचारलं, "हे व्याज आहे का, भाई?" तर म्हणाले, "तोबा! व्याज आमच्यात हराम हाय, बाई. ही ज्वारी हाय." भाकऱ्या उत्तम झाल्या. राग तसाच आहे.)

आता मुद्दा. पाच फेब्रुवारीला बँकेचा संदेश आला की माझ्या कार्डावरचे एकोणीस हजार दोनशे पॉइंट ३१ मार्चला रद्द होणार. आम्ही महिन्याला किराणा आणि विजेचं बिल भरणारी माणसं, आमचे एवढे पॉइंट कुठले? मी वर्षभराची स्टेटमेंटं काढून बसले. शंभर रुपयांना चार पॉइंट, चार लाख ऐंशी हजारांना बरोबर एकोणीस हजार दोनशे. म्हणजे हे पॉइंट दवाखान्याच्या बिलाचे. छाती भाईंची चिरली, पैसे तुम्ही भरलेत, आणि बक्षीस माझ्या नावावर. तू आयुष्यात माझा एकही डबा रिकामा परत केलेला नाहीस. शेंगाची चटणी नेलीस तर शीरखुर्मा घालून आणलास. मग तुमचं काही माझ्याकडे राहिलेलं मी ठेवून घ्यावं, हे कोणत्या नियमात बसतं? पॉइंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, असं ग्राहक सेवेतली मुलगी म्हणाली. (ती मला सारखी "मी तुमची काळजी समजू शकते" म्हणत होती. मी तिला सांगितलं, काळजी समजू नका, नियम सांगा.) तेव्हा वस्तू घेऊन तुला देणं एवढाच मार्ग उरला, आणि ती वस्तू एका पैशानेही कमी किमतीची असता कामा नये.

इथून पुढे जे घडलं त्याला आमचे हे "तुझी मोहीम" म्हणतात. बँकेचा वस्तूंचा कॅटलॉग असतो. आमच्या खालच्या मजल्यावरचा भाडेकरू नंदीश, जो कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो, त्यानं तो मला छापून दिला. पहिल्याच पानावर मिक्सर, सोळा हजार पॉइंट. नंदीश म्हणाला, "काकू, घेऊन टाका की, लई विचार करायलाय." मी चित्र घेऊन नवी पेठेत गुरप्पाच्या दुकानात गेले आणि तोच मिक्सर, तीच कंपनी, तीच तीन भांडी काढायला लावली. त्यानं विचारलं, "बाई, घ्यायचं हाय, का नुसतं भाव काढायला आलाय?" मी म्हटलं, नुसता भाव. म्हणाला, "मग बसा की, पंखा लावतो. घेणाऱ्याला घाई असती." भाव तीन हजार चारशे. म्हणजे एका पॉइंटाचे एकवीस पैसे! पॉइंटांचे रोख पैसे घेतले तर बँकच पंचवीस पैसे देते. मग ही वस्तू कोण घेतं? भाव न विचारणारे घेतात.

पुढच्या पानावर काय असावं? सोलापुरी चादर. साडेचार हजार पॉइंट. दिल्लीच्या गोदामातून आठ ते दहा दिवसांत घरपोच. कौसर, आमच्या गच्चीवरून चादरीच्या कारखान्याचं धुराडं दिसतं. ती चादर इथून दिल्लीला जाणार, तिथून उलट माझ्याकडे येणार, मी ती केमला पाठवणार, आणि एका पॉइंटाला पडणार एकोणीस पैसे. मी त्या पानावर लाल पेनानं आडवी रेघ मारली. कपड्यांच्या दुकानाची व्हाउचरं होती, पण त्या दुकानाची सगळ्यात जवळची शाखा पुण्याला. रोख घेतले तर चार हजार आठशे. पण रोख मी तुला पाठवले असते तर तू पुढच्या गाडीनं दोन पोती पाठवली असतीस, आणि आमच्याकडे ठेवायला जागा नाही.

शेवटी नंदीशनंच शोधून काढलं की विमानाच्या तिकिटाला एक पॉइंट म्हणजे पुरा एक रुपया. एकवीस पैसे नाही, शंभर पैसे. मी त्याच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. आणि मला वास्को आठवलं. मेहनाजनं तिथं घर घेऊन दीड वर्ष झालं. स्वतःच्या लेकीचं घर तू फक्त फोनच्या पडद्यावर बघितलं आहेस, कारण रस्त्यानं एवढा प्रवास भाईंच्या छातीला झेपणार नाही. आता गोव्याचं विमान आपल्या सोलापुरातून उडतं. तासाभराचं काम. तरी भाईंना चालेल का, हे विचारायला मी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कुठाय?" म्हटलं, केमला. म्हणाल्या, "मग तपासायचं काय?" मी सहाशे रुपये भरून नंबर लावला, दीड तास बसले आणि डॉक्टरांकडून लेखी घेतलं: प्रवासास हरकत नाही. कागद सोबत जोडला आहे. जपून ठेव.

आता तिकीट काढायचा दिवस. तुमच्या दोघांच्या आधारच्या झेरॉक्स माझ्याकडे दवाखान्याच्या फाइलीत होत्याच. नंदीशनं सगळं भरलं, अठरा हजार आठशे पन्नास पॉइंट, दोन माणसं, जाऊन-येऊन. फक्त ओटीपी हवा. तो येतो ह्यांच्या मोबाइलवर, कारण कार्ड काढताना मी तोच नंबर दिला होता, आणि हे त्या वेळी मंगळवार बाजारात वांगी घेत होते. मी नंदीशच्या फोनवरून ह्यांना विचारलं, आकडा सांगा. हे म्हणाले, "सांगणार नाही." दोन वर्षांपूर्वी शेजारच्या धोंडीरामांचे फोनवरून बारा हजार गेले, तेव्हा मीच ह्यांना समोर बसवून बजावलं होतं की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मी मागितला तरी नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं एवढं एकच वाक्य तंतोतंत पाळलं, आणि ते नेमकं त्या दिवशी. मी ओरडले तर म्हणाले, "आवाज तिच्यासारखा आहे खरा, पण आजकाल आवाज कुणाचाही काढतात." मी रिक्षा करून मंगळवार बाजारात गेले. मला समोर बघून ह्यांनी आधी चष्मा पुसला, मग फोन दिला. तोवर आकड्याची मुदत संपली होती. परत घरी, परत सगळं भरायचं, आणि तेवढ्यात भाडं तीनशे पॉइंटांनी वाढलं. या वेळी मी ह्यांना नंदीशच्या शेजारी खुर्चीत बसवलं आणि आकडा मोठ्यानं वाचायला लावला. एकोणीस हजार एकशे पन्नास गेले, पन्नास उरले. त्या पन्नासांत काहीही येत नाही, मी चौकशी केली.

तिकिटं तुमच्या दोघांच्या नावाची आहेत, २८ मार्च, ईद झाल्यावरचा शनिवार. आठ दिवसांनी परत. रद्द केली तर एक पॉइंटही परत मिळत नाही, म्हणजे "अगं, कशाला उगीच" हे उत्तर नियमात बसत नाही. हे मी तुला काही देत नाही, हेही नीट समजून घे. तुमचंच आहे, पुऱ्या किमतीला परत करते आहे. आता खातं दोन्ही बाजूंनी शून्य. भाईंना खिडकीची जागा दिली आहे. घाबरतील, पण सांगणार नाहीत. त्यांचा हात धर.

तुझी,
शिवम्मा

ता. क. – पत्र बंद करताना ह्यांनी एक कागद पुढे सरकवला. रिक्षा सहा, डॉक्टरांची फी, झेरॉक्स, पॉइंट वापरल्याबद्दल बँकेनं कापलेलं शुल्क (होय, बक्षीस घ्यायलाही शुल्क असतं), शिवाय कार्डाची वार्षिक फी, जी मला या भानगडीत पहिल्यांदाच दिसली. ह्यांच्या मते पॉइंट रुपयाला नाही, बासष्ट पैशाला पडला. मी बेरीज तपासली. बरोबर आहे. हा खर्च माझा, तो मनात आणून पुन्हा ज्वारी पाठवायची नाही.

ता. क. दुसरा – विमान सकाळी पावणेआठला सुटतं आणि दोन तास आधी तिथं हजर व्हावं लागतं. त्या वेळेला पोचवणारी सोयीची गाडी केमहून नाही, मी इथं स्टेशनवर विचारलं. एजाजनं पहाटे आणून सोडावं असलं काही सुचवू नकोस. त्याची गाडी केळी वाहायची आहे, आणि भाईंची छाती शिवलेली आहे. तेव्हा शुक्रवारी दुपारी इकडेच या, रात्री इथंच राहा. भाईंचं बिनमिठाचं मी वेगळं करीन.

ता. क. तिसरा – नंदीश तुला सांगेलच, म्हणून मीच लिहिते. गुरुवारचं विमान दुपारी तीनचं होतं. सकाळी केमहून निघून थेट विमानतळावर जाता आलं असतं, आमच्या घरी यावंही लागलं नसतं. ते अकराशे पॉइंटांनी स्वस्त होतं.