बावखलातली लाथ

॥ श्री ॥
वटार, ५ डिसेंबर २००३

चि. सौ. सुहासिनीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

सर्व ठीक. बातमी अशी, की तुझ्या छप्पन्न वर्षांच्या भावाने प्रौढांच्या स्पर्धेत नाव घातलं आहे. पन्नास मीटर बटरफ्लाय. तुझी हंसावहिनी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी विम्याचे कागद कुठे आहेत, एवढंच विचारलं.

हसू नकोस. सहासष्ट साली मुंबईत मला याच प्रकारात बाद केलं होतं. हात फुलपाखराचे आणि पाय बेडकाचे, म्हणून. आपण शिकलो वाडीतल्या बावखलात, शिंपणाच्या त्या पायऱ्यांच्या तळ्यात. गाळ उठला की पानवेलीला गढूळ पाणी जायचं आणि बाबांचा फोक पाठीवर यायचा, म्हणून पाय वरच्यावर फाकून मारायचे. त्या दिवशी बाबा नवं धोतर नेसून बघायला आले होते.  परतीला पापडी गाव आल्यावर एवढंच विचारलं, की लंगोट तरी नाही ना सुटला. पायरीला एक हात लागला की दुसरा आधी गाठीवर, ही त्यांची शिस्त. काठावर बाया धुणं धूत असायच्या.

बक्षीस नको. एकदा माझं पोहणं ग्राह्य धरलं जावं, बस. तलावावर शिकवणारा सिद्धेश म्हणतो, पाय जुळवून माशासारखे मारा. तसे मारले की कंबर दोन दिवस उठू देत नाही. जितेंद्ररावांना नियम पाहायला सांग.

तुझा,
हरेश्वरदादा

नाशिक, १६ डिसेंबर २००३

ती. दादास, सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांनी बँकेतलं परिपत्रक वाचावं तसं नियमांचं पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं. प्रौढांच्या गटात बटरफ्लायला बेडूकलाथ चालते. स्वच्छ लिहिलं आहे. ते पान सोबत पाठवते, जवळ ठेव. बाकीचं तुला ठाऊकच असेल, असं हे म्हणतात. मी म्हटलं, दादाला विचारून घ्या. तर म्हणाले, ते पोरासोरांनाही ठाऊक असतं.

वहिनीला सांग, विम्याचे कागद तुमच्या देवघराच्या खणात आहेत, आवरताना मीच ठेवले होते.

लोभ कोरडा पडू देऊ नये.
तुझी,
सुहास

वटार, १२ जानेवारी २००४

चि. सौ. सुहासिनीस, आशीर्वाद.

काल ठाण्याला पोहलो. तुझं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आलेल्या शेजारच्या क्लेमेंटच्या खिशात ठेवलं होतं. केळीबाजारात दलालांची कुजबुज ऐकून ऐकून माझे कान तयार झालेले, म्हणून डोकं पाण्याबाहेर आलं की पंच ऐकू येत होते. एक म्हणाला, याचे पाय बघ. दुसरा म्हणाला, प्रौढांना चालतं. सदतीस वर्षांनी हे कानावर आलं. पुढचे वीस मीटर कसे गेले, कळलं नाही.

चौघांत तिसरा आलो. आणि पंचाने बाद म्हणून हात वर केला.

मी क्लेमेंटकडून पान घेऊन पुढे केलं. तो पंच भला माणूस. म्हणाला, काका, लाथ एकदम बरोबर. पण भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात, तुमचा एकच लागला. दुसरा कुठे होता?

मी पान परत पिशवीत घालू लागलो. क्लेमेंटने सांगितलं, चड्डीच्या नाडीवर. आज वटारभर सांगत फिरतो आहे.

जितेंद्ररावांना म्हणावं, हे पोरासोरांना ठाऊक असतं, बावखलातल्यांना नसतं. पुढच्या वर्षाचा अर्ज भरला आहे. या खेपेला दोन्ही हात भिंतीला. नाडीचं बाबा वरून बघून घेतील.

येणंजाणं ठेव, माया ठेव.
हरेश्वरदादा