सातव्या वर्षाची पंगत

पोयेनी, ३ ऑगस्ट

चि. दोइना हिस,

आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे मी, कोंबड्या आणि शेजारची व्हेता, सगळ्या खुशाल. फोनमध्ये मला नुसतं घों घों ऐकू येतं, म्हणून लिहितेय. तूही त्या इटलीतल्या तुझ्या म्हातारीला आंघोळ घालून झाली की दोन ओळी टाक.

आलुबुखार यंदा मरणाचे लागलेत. फांदीला टेकू द्यायला माणूस नाही. व्हेता द्यायला गेली तर फांदीच्या आधी तीच वाकली. असो, मुद्द्याचं राहिलंच. २२ तारखेला, शनिवारी, तुझ्या बाबांचं सातव्या वर्षाचं जेवण. हे शेवटचं, यानंतर वर्षं घालायची नसतात. पण जेवायला माणसं कुठून आणू? अर्धं गाव तुझ्यासारखं परदेशी, उरलेलं टेकडीवर क्रॉसखाली. गेल्या वर्षी पाच जण आले, त्यातल्या दोघांना मधुमेह. उरलेलं डुकराला घातलं, आणि आठवडाभर बाबा स्वप्नात येऊन रिकामी वाटी दाखवत होते. दुसऱ्याच्या तोंडी लागलेला घासच मेलेल्याला पोचतो, हे तुला काय सांगायचं? जिवंतपणी त्या माणसाने कधी दुसऱ्यांदा वाढ म्हटलं नाही. आता शेवटच्या जेवणाला उपाशी ठेवू?

तू आलीस तर एक पान वाढेल. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. मी घेईन थोडं वाटून.

लोभ आहेच, तो मागायचा कशाला?

तुझी आई


बोलोन्या, ११ ऑगस्ट

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रजा मागितली. म्हातारीचा मुलगा म्हणाला, ऑगस्टात सगळे समुद्रावर जातात, माझ्या आईला कोण बघणार? मी म्हटलं, माझ्या आईला तरी कोण बघतं? त्याने खांदे उडवले आणि पोहायचे कपडे पिशवीत भरले.

माझी इलिंका मात्र त्याच दिवशी तुझ्या दारावरून जाणार आहे. सहा दिवसांत सायकलीवरून आख्खे कार्पेथियन डोंगर ओलांडायचे, बरोबर आठ परदेशी पाहुणे, आणि वाटाड्या म्हणून पहिल्यांदाच ती एकटी. सकाळी एक घाट उतरून पोयेनी, तिथून लगेच दुसरा घाट. पण सहलीच्या मालकाने जेवण दुसऱ्या घाटापलीकडच्या हॉटेलात ठरवलंय. मी म्हटलं, आजोबांसाठी थोडी थांब. तर तडकली. म्हणे, आई, भरल्या पोटी घाट चढले तर ओकतील सगळे, आणि पहिल्याच फेरीला उशीर केला तर दुसरी फेरी कोण देईल मला? फोन आपटला आणि पाच मिनिटांनी परत करून रडली. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच तर माझ्यावर रागव.

माणसं कमी पडली तर पाद्रीबाबांना दोनदा वाढ.

दुरूनही माया असू दे.

दोइना


पोयेनी, २३ ऑगस्ट

चि. दोइना हिस,

आशीर्वाद, आणि आधी डोळे पूस, कारण मी हसत लिहितेय.

काल पाद्रीबाबांनी तुझ्या बाबांच्या, गावरिलच्या नावाने प्रार्थना म्हटली. मी पहाटेपासून कोबीच्या पानांत भात नि खिमा घालून दीडशे गुंडाळ्या वळल्या होत्या. शिजवलेल्या गव्हाची, अक्रोड घातलेली गोड कोलिवा परातभर. आणि जेवायला चार डोकी! पाद्रीबाबांच्या पोटात जळजळ, ते पाव कुरतडत बसले. व्हेताला दात नाहीत. रिकाम्या बाकांकडे बघवेना. म्हटलं, व्हेता, धर टेबलाचं एक टोक, रस्त्यावर मांडू. ती म्हणाली, रस्त्यावर काय कुत्रं जेवायला येणार? मी म्हटलं, कुत्रं तर कुत्रं, तेही देवाचंच.

इलिंकाला अडवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईशपथ. ओळीने सायकली उतरल्या, पुढे लाल हेल्मेट घातलेली आपली पोर. तिने टेबल पाहिलं, मला पाहिलं, आणि मान खाली घालून पुढे गेली. पण दहा पावलांवर तिचा हात वर झाला आणि सगळ्या सायकली थांबल्या. परत आली आणि पाहुण्यांना म्हणाली, ही माझी आजी, हे माझ्या आजोबांचं जेवण, उशीर झाला तर तो माझ्या माथी.

बसले की गं सगळे! रुलॉफ नावाचा एक डच, दाराएवढा उंच, त्याने एकट्याने चौदा गुंडाळ्या खाल्ल्या. पण घोटाळा झालाच. आपल्या भाषेतला एकच शब्द शिकून आलेले, आभार. आठही जणांनी मोठ्या प्रेमाने माझे आभार मानले. व्हेताने कपाळावर हात मारला. म्हणाली, गेलं सगळं! आभार मानले की घास इथेच राहतो, गावरिल आपला उपाशीच. मग इलिंकाने त्यांना शिकवलं, आजोबांच्या जेवणाला आभार नाही, बोग्दाप्रोस्ते म्हणायचं, देव त्या जिवाला क्षमा करो. म्हणताना रुलॉफच्या तोंडातून भात उडाला. पण मग प्रत्येक गुंडाळीला तो म्हणू लागला, आणि मी दर वेळी म्हणत गेले, देवाला पोचो. पाद्रीबाबासुद्धा जळजळ विसरून जेवले.

मध्येच मालकाचा फोन आला. पोरीचं तोंड उतरलं. रुलॉफने फोन तिच्या हातून काढून घेतला, चावत चावतच काही बोलला आणि परत दिला. इलिंका हसायलाच लागली. तो म्हणाला म्हणे, हॉटेलवाल्याला नको म्हणून सांगा, आणि पुढच्या वर्षी आम्हाला हीच मुलगी हवी.

रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला पेला, मेणबत्ती आणि पांढरा पंचा दिला. सामान घेऊन मागून येणाऱ्या गाडीत ठेवा म्हटलं तर कुणी ऐकेना. पंचे गळ्यात बांधले आणि निघाले. कुणी ओकलं नाही, निदान तिसऱ्या वळणापर्यंत तरी नाही, तिथवर मी बघत होते. बाबांनी तीस वर्षं त्या घाटात खडी टाकली, डांबर ओतलं, कशासाठी, तर लाकडाच्या ट्रकांसाठी. काल त्या रस्त्यावरून पांढरे पंचे फडफडत वर चालले होते आणि व्हेता म्हणाली, गावरिल बघत असेल तर ऐट करत असेल मेला.

तू नव्हतीस, पण तुझी जागा तुझ्या लेकीने आठ पानांनी भरली. एवढ्या सुखासाठी कुणाला हात जोडू? सगळ्यांनाच जोडले. शेवटी फाटकालाही.

आता बाबांचं सगळं पार पडलं, पुढची पाळी माझी. लगेच रडू नकोस, घाई नाही, अजून हिवाळ्याची लाकडं फोडायचीत. पण इलिंकाला सांगून ठेव, ही वाट सोडायची नाही. माझ्या जेवणाला गाडीतून उतरलेले पाहुणे नकोत. घाट उतरून आलेले, भुकेने कळवळलेले आणा. आणि वाढताना हात आखडू नका.

माया आहेच, भूकही चांगली असू दे.

तुझी तृप्त आई