तिखट म्हणणारं एक माणूस हवं

एंबुदो, सोमवार सकाळ

तीर्थरूप सेल्साताई यांस, ओनेसिमोचा नमस्कार. मान वाकवून तुमचा आशीर्वाद मागतो. (पत्रातून दिलेला आशीर्वाद धरतात की नाही, हे आमच्या फादरना विचारणार होतो, पण सध्या ते माझ्या दारावरून जाताना पावलं झपाझप उचलतात. का, ते पुढं येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? विस्कॉन्सिनला एव्हाना बर्फ पडायला लागला असेल, तेव्हा टपालाची पेटी बघायला स्वतः बाहेर जाऊ नका, शेजाऱ्याला सांगा. मांजर बरं आहे ना? मागच्या पत्रात त्याचं पोट बिघडल्याचं लिहिलं होतंत, तसं ते पत्र एलोइसाला होतं, पण उशिरा पोचलं आणि मीच वाचलं. असो. पत्रास विशेष कारण काही नाही, सहज आठवण झाली म्हणून लिहायला बसलो.

तुमची क्रॅनबेरीची पेटी पोचली. दरवर्षी ती एलोइसाच्या नावानं यायची, यंदा माझ्या नावानं आली. टपालवाल्या बाईंनी ती देताना मला खालपासून वरपर्यंत असं न्याहाळलं, की कुणी बंदूक मागवल्यावरही एवढं न्याहाळत नसतील. माझी प्रकृती म्हणाल तर उत्तम आहे, उजवा डोळा सोडून. तोही आता उघडतो. डोळ्याचं आणि क्रॅनबेरीचं एकमेकांशी नातं आहे, आणि दोघांचं मिळून तुमच्या भाचीशी आहे, तेव्हा मुळापासूनच सांगतो.

मृतात्म्यांच्या दिवशी बर्नाडेट रिओ रांचोहून आली. आम्ही दोघांनी एलोइसाची कबर झाडली, फुलं ठेवली, आणि घरी येऊन तिनं फ्रिज उघडला. आत टॉर्तियांचं एक पाकीट, मोहरीची बाटली आणि कोंबड्यांची अंडी होती. (अंड्यांत माझा काही पराक्रम नाही, ती कोंबड्या आपणहून घालतात.) तिनं फ्रिजचं दार हळूच लावलं. तुमची भाची दार आपटते तेव्हा काळजी नसते, हळूच लावते तेव्हा समजावं की निकाल लागला. यंदाचं थँक्सगिव्हिंगचं जेवण तिच्या घरी, असं तिनं सांगून टाकलं. मी म्हटलं, हे जेवण आजवर या टेबलाशिवाय कुठं झालेलं नाही. हे टेबल मी लग्नाच्या वर्षी स्वतः बनवलंय आणि ते तुझ्या दारातून आत जाणार नाही. ती म्हणाली, टेबलाचं राहू दे, मम्मीचे दोन्ही सॉस कोण करणार, लाल मिरचीचा आणि हिरव्या मिरचीचा? त्यांच्याशिवाय आपल्याकडं कुणी टर्कीला हात तरी लावतं का? तेव्हा स्वयंपाकघरात कुणीतरी ‘मी’ म्हणाल्याचं मला ऐकू आलं. आम्ही दोघंच होतो, आणि ती बर्नाडेट नव्हती.

ताई, तिच्या घरी क्रॅनबेरीचा सॉस डब्यातून येतो. डबा उपडा केला की तो बशीत जसाच्या तसा उभा राहतो, अंगावर डब्याचे वळ घेऊन, आणि मग त्याच्या सुरीनं चकत्या करतात. तेही मी खाल्लं असतं. मला भीती वेगळीच आहे. तिच्याकडं मला सोफ्यावर बसवतील, हातात टीव्हीचा रिमोट देतील आणि ‘पप्पा, तुम्ही आराम करा’ म्हणतील. एकदा पाहुणा म्हणून बसलो की पुढच्या वर्षीही मी पाहुणाच, आणि त्याच्या पुढच्या वर्षी हे घर बंद करायची बोलणी. म्हणून ठरलं असं, की जेवणाच्या आधीच्या एका रविवारी ती येऊन चाखणार. जमलं असेल तर जेवण इथं, नसेल तर मी सोफ्यावर.

एलोइसा हे सॉस कसे करायची ते मला पुरेपूर ठाऊक होतं, म्हणजे ती करत असताना मी तिथंच पेपर वाचत असायचो. वास ठाऊक होता, पळी ठाऊक होती, ‘पाय वर घ्या, मला पुसू दे’ हे ठाऊक होतं. आधी लाल धरला. तुमच्या क्रॅनबेऱ्या, साखर, संत्र्याची साल आणि माळेवरच्या लाल मिरच्यांची पूड, सगळं पातेल्यात घातलं, शेगडी मोठी केली, आणि पिन्योनची लाकडं आणायला अंगणात गेलो. एवढ्या वर्षांत ही फळं तुम्ही पेट्या भरभरून पाठवलीत, पण ती फुटतात हे एका अक्षरानं कळवलं नाहीत. मी परत आलो तेव्हा आत चकमक चालू होती. छत लाल, भिंत लाल, आणि शेगडीवर टांगलेले आपले सान पास्क्वाल, बिचारे जन्मभर स्वयंपाकघर राखणारे संत, त्यांच्या झग्यावर असे शिंतोडे उडाले की ते हुतात्मा वाटायला लागले. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर छत गुलाबी झालं. मग तसंच राहू दिलं.

हिरव्यासाठी फ्रीझरमधून भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या काढल्या. पिशव्यांवर एलोइसानं काहीच लिहिलेलं नाही. कुठली मवाळ आणि कुठली जहाल हे ती नुसत्या वासावरून सांगायची, आणि मला तर गोठलेल्या पिशवीला फक्त थंडीचा वास येतो. तेव्हा तीन पिशव्या घेतल्या, उघड्या हातांनी सगळ्या मिरच्या सोलल्या, आणि काम संपल्याच्या समाधानात डोळा चोळला. पुढचं सविस्तर लिहीत नाही. शेजारचा टोबियास आला तेव्हा मी सिंकमध्ये वाकून डोळ्यात दूध ओतत होतो. तो दारातूनच म्हणाला की तू एकटा राहतोस तेच बरं आहे, हे कुणाला बघवलं नसतं.

टोबियासला दोन्ही सॉस चाखायला दिले. आता आपल्या खोऱ्यातली माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. प्राण गेला तरी चालेल, पण मिरची तिखट लागली असं म्हणायचं नाही. विस्कॉन्सिनहून पहिल्यांदा माहेरी आला होतात तेव्हा भरल्या टेबलावर तुम्ही ‘बाई गं, फार तिखट आहे’ म्हणालात, आणि सगळ्यांचे काटे जागच्या जागी थांबले होते. आठवतं ना? तुमच्या वडिलांनी तर पाव्हण्यांची माफी मागितली होती. तर टोबियासनं एक चमचा लाल खाल्ला, एक हिरवा खाल्ला, कपाळावरून घाम पुसला, आणि ठीक आहे पण लहान मुलांसाठी केल्यासारखं वाटतं, असा शेरा दिला. मी दोन्हींत मिरची वाढवली. मग आमचे पोलंडचे फादर आले. त्यांना इथं येऊन तीन हिवाळे झाले, आणि आपण इथलेच वाटावं ही त्यांची मोठी हौस. त्यांनी टॉर्तियाच्या तुकड्यावर भरपूर घेऊन तोंडात टाकलं, उठले, खिडकीशी गेले आणि पुष्कळ वेळ डोंगराकडं बघत उभे राहिले. ‘छान, जरा सौम्यच’ असं ते म्हणाले खरे, पण आवाज एखाद्या लहान मुलीसारखा आला. मी आणखी वाढवली. (रविवारी त्यांनी प्रवचन दिलं नाही, सगळ्यांनी मौन पाळावं म्हणाले. लोकांना ते फार आवडलं.) पातेल्याच्या बुडाला लागलेलं खरवडून कोंबड्यांना टाकलं, तर त्यांनी चोचीनं जमीनसुद्धा साफ केली आणि आणखी हवं म्हणून माझ्या मागं मागं फिरल्या. कोंबडी कुणाची भीड धरत नाही, म्हणून तिच्या मताला मी सगळ्यात जास्त किंमत दिली.

काल दुपारी बर्नाडेट आली. मी दोन्ही सॉस एलोइसाच्या निळ्या वाडग्यांतून पुढं ठेवले आणि समोर हाताची घडी घालून उभा राहिलो. तिनं आधी लाल खाल्ला, मग हिरवा. मान वर करून छताकडं बघत राहिली, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मग खुंटीवरचा तिच्या आईचा एप्रन ओढून तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, ‘पप्पा, दोन्ही अगदी मम्मीसारखे झालेत. जेवण इथंच करू.’

तर ही आनंदाची बातमी. टेबल धुऊन ठेवलंय, सोफा हुकला. आणि लोक म्हणतात की म्हाताऱ्याला चहासुद्धा येत नाही. तुमच्या क्रॅनबेऱ्यांचं सार्थक झालं हे कळवावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप. गुडघ्याला जपा, मांजराला माझा नमस्कार सांगा.

तुमचा मेहुणा,
ओनेसिमो

ता. क. मंगळवार. टपालवाल्या बाई काल आल्याच नाहीत, म्हणून पाकीट उघडून पुढं लिहितो. चाखून चाखून माझी जीभ बधिर झाली होती, हे मला आज कळलं. रात्रभर झोप झाली, तोंड ताजं झालं, आणि सकाळी विजयी मनानं टॉर्तियावर एक चमचा घेऊन खाल्ला. त्यानंतर मी थोडा वेळ ओसरीवर आडवा होतो. टोबियास खोटं बोलला, फादर खोटं बोलले (त्यांचं ते देवाशी बघून घेतील), आणि माझी पोटची पोरही खोटं बोलली. पडल्या पडल्या एक गोष्ट आठवली. दरवर्षी एलोइसा पहिली बरणी तुम्हाला पाठवायची आणि तुमच्या फोनची वाट बघायची. मला वाटायचं, बहिणी-बहिणींच्या गप्पा. फोन ठेवला की ती पुढच्या पातेल्यात मिरची निम्मी घालायची आणि स्वतःशीच म्हणायची, ‘मलाही तिखट लागतच होतं.’

ता. क. २. न राहवून बर्नाडेटला फोन केला. कोंबड्यांचा दाखला दिला, तर ती पाच मिनिटं हसत होती. पाखरांना तिखट लागतच नाही म्हणे, हे शाळेत शिकवतात. मी विचारलं, मग खोटं का बोललीस? ती म्हणाली, ‘मी सॉस चाखायला आलेच नव्हते, पप्पा. मम्मी गेल्यापासून तुम्ही शेगडी पेटवली की नाही, ते बघायला आले होते. छत बघितलं आणि कळलं.’ मी म्हटलं, रंग लावून टाकतो. तर म्हणाली, खबरदार, छताला हात लावाल तर.

ता. क. ३. आता खरं काय ते. क्रॅनबेऱ्या सगळ्या संपल्या, आणि दोन्ही पातेल्यांत जे आहे ते माणसांना वाढण्यासारखं नाही. त्यात काहीतरी गोडमिट्ट, बुळबुळीत, बिनचवीचं कालवल्याशिवाय ते ताळ्यावर येणार नाही, आणि असा पदार्थ मला एकच ठाऊक आहे. तर ताई, डब्यातला क्रॅनबेरी सॉस आणा. पिशवीभर आणा, कपड्यांखाली लपवून. इथल्या दुकानात मी एक डबा जरी घेतला तरी गल्ल्यावर टोबियासची पुतणी बसते, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं खोरं माझ्या दारात उभं राहील. तिकडं तुम्हाला कोण विचारतंय? शिकागोहून आगगाडीनं या, जेवणाच्या आधीच्या मंगळवारी लामी स्टेशनवर उतरा, मी गाडी घेऊन उभा असेन. डब्याचे वळ चमच्यानं मोडू आणि रिकामे डबे मागं पुरून टाकू.

नाही म्हणू नका. बर्नाडेटनं रविवारी खुर्च्या मांडून बघितल्या, शेगडीजवळची एलोइसाची खुर्ची दोनदा हलवली आणि दोनदा परत जागेवर ठेवली. तिथं तुम्ही बसा. आणि पहिला घास घेतल्यावर तिखट लागलं तर भरल्या टेबलावर मोठ्यानं म्हणा. तुम्ही म्हणालात की मीही म्हणेन.